चिखलातली जीप

गिअर ऑइलचा वास आला की भिवंडीचा तो जीपवाला आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबांना बैलजोडी विकून त्याची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घ्यायची होती. “चाचा, चारों पहिये खींचते हैं,” तो म्हणाला. बैल घेताना चिखलात चालवून बघतात, तशी बाबांनी ती आमच्या भातखाचरात घालायला लावली. जीप रुतली. मागची चाकं चिखल उडवत होती, पुढची गप्प. “पुढची जोडी निजली हाय रं,” बाबा हसले. मी वाकून पाहिलं, तर गिअर ऑइल गळत होतं आणि पुढची चाकं फिरवणारा दांडाच काढलेला. शेवटी आमच्याच बैलांनी ती बाहेर ओढली. बाबांनी त्यांना गूळ चारला. जुनी जीप दिसली की मी अजून आधी खाली वाकतो.