आईची शपथ माझ्या नावावर

आई दवाखान्याच्या शिवणखोलीत कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे सगळं तिथंच शिवलं जायचं. पाय मशीनवर, ओठांवर देवाचं नाव आणि डोळे बाकीच्या बायकांच्या टाक्यांवर. टाका वाकडा दिसला की नामस्मरण मध्येच थांबवून म्हणायची, "उसव ते." आणि पुन्हा नाव सुरू. देवाशी तिचं रोखठोक असायचं. शब्द दिला की दिला.

म्हणून ती शपथही तिनं मनापासून पाळली. धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या घरात पाऊल न टाकण्याची शपथ. कारण काय, तर कात्री. हसू नका. आईच्या कापड कापायच्या कात्रीनं मावशीनं कपाटात घालायला कागद कापले. कागदानं कात्रीची धार मरते, कुठल्याही शिवणाऱ्या बाईला विचारा. आईनं मावशीला तिच्या सासरच्या माणसांसमोर फैलावर घेतलं, तेव्हा मावशी म्हणाली, "ताई, देवाशी गोड बोलतेस आणि माणसांवर खेकसतेस. कसं चालतं गं त्याला?"

देवाला मध्ये ओढलं, तिथं विषय संपला. आई घरी आली, हातपाय धुऊन देवापुढे उभी राहिली आणि शपथ घेऊन मोकळी झाली. शेजारी हात जोडून मीही उभी. मला कुणी बोलावलं नव्हतं. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक मीच केली होती.

पुढे मी साक्षीदाराची वकील झाले. रस्त्यात मावशी दिसली तर आई नुसती मान वळवायची, मी रस्ताच बदलायचे. मावशीकडे कार्य असलं की आईच्या आधी माझं डोकं दुखायला लागायचं.

आणि मग आई विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग साखरेच्या डब्यात मशीनची बॉबिन. प्रार्थना अर्ध्यावर आली की पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस सकाळी चपला घालून दारात उभी.

"धाकटीकडे जाऊन येते."

"आई, तू तिच्याकडे जात नाहीस."

"का गं?"

"भांडण झालंय तुमचं."

"अरे देवा! कशावरून?"

"कात्रीवरून."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "कात्रीवरून कुणी सख्ख्या बहिणीशी भांडतं? कोण इतकी वेडी?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ शाबूत होता, पीळ तेवढा गेला होता. आणि गेलेला पीळ सगळा माझ्यात येऊन बसला होता.

मग हे रोजचंच झालं. चपला, दार, "धाकटीकडे जाते." मी अडवलं की लहान मुलीसारखी रडायची, जेवायची नाही. मावशीला बोलवावं तर ती वॉकरवर, घराबाहेर पडत नव्हती. इकडे आईला नातवंडांची नावं आठवेनाशी झाली होती, माझं अधूनमधून आठवायचं. धाकटी तेवढी टिकून होती, पण तीही किती दिवस?

आमचे हे म्हणाले, "शपथ आईंची. त्या विसरल्या. देवाकडून काही तक्रार आलेली नाही. तू मध्ये कोण?"

"देवाला दिलेला शब्द आहे तो. ती विसरली म्हणून मी तिच्या हातून मोडवू?"

हे मी खरंच मनापासून म्हणत होते. त्यात मावशीची खोड मोडल्याचा आनंदही होता. भक्ती किती आणि खुन्नस किती, हे तोलून बघायचं मी शिताफीनं टाळलं.

शेवटी एका दुपारी आई दाराला डोकं टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "धाकटी वाट बघत असेल गं." मी उठले, देवापुढे गेले. म्हटलं, "तिची शपथ माझ्या नावावर कर. तिला जाऊ दे, मी पाऊल टाकणार नाही." देव काही बोलला नाही. नकार आला नाही म्हणजे मंजूर, असं मी धरलं.

मग आईला मावशीच्या दारापर्यंत न्यायचं आणि आपण बाहेर पायरीवर बसायचं, असा माझा नेम सुरू झाला. आत दोघी बहिणी खिदळायच्या. शेजारीण विचारायची, "आत नाही का जात?" मी म्हणायचे, "इथं हवा छान येते." समोर कचऱ्याचा डबा होता.

आतून मावशीची हाक यायची, "ये की गं! का चहासुद्धा निषिद्ध आहे?"

"मला शपथ आहे, मावशी."

"ती ताईची होती ना?"

"आता माझी आहे."

"धन्य आहे बाई तुझी!"

हे कौतुकच आहे असं समजून मी पाठ ताठ करून बसायचे.

एकदा बोचरा वारा सुटला होता. पदर कानावर घेऊन बसले होते, तर दाराची चौकट धरत आई बाहेर आली. मला तिनं ओळखलं नाही.

"अहो बाई, अशा थंडीत बाहेर का बसलात? आत या."

"नको. या घरात न येण्याचा देवाला शब्द दिलाय मी."

आईचा चेहरा पार बदलला. शिवणखोलीतल्या बायका ज्याला टरकायच्या, तो चेहरा.

"असला शब्द देवाला देतात होय? त्याला काय दुसरी कामं नाहीत? उठा आधी. उसवा ते."

आणि तिनं हात पुढे केला. मी उठले. उंबरठा कधी ओलांडला ते कळलंही नाही.

मावशीनं मला खुर्ची दाखवली, चहा ओतला. आई तिच्या कानाशी वाकली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई चांगली आहे गं, पण हट्टी दिसते."

"आईवर गेलीय."

"हो का? कशी होती हिची आई?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "शब्दाची पक्की," ती म्हणाली. "आणि कात्रीला कुणाला हात लावू द्यायची नाही."

"बरोबरच आहे," आई म्हणाली.

मावशीला सुनवायला म्हणून एक झणझणीत वाक्य मी कित्येक वर्षं घोटून ठेवलं होतं. आता समोरासमोर बसलो होतो, तर ते काही केल्या आठवेना. मी थोडी साखर मागितली.