पायाळूची कंबर

“काकू, मणक्यांमधली एक चकती थोडी फुगलीय. ऑपरेशन लागणार नाही,” सांगलीच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं. डिस्क बल्ज म्हणतात याला. हायसं वाटायचं सोडून मला लाजच वाटली, कारण मी पायाळू.

म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. उसण भरलेल्या कमरेला अशा माणसाची लाथ लागली की कंबर सुटते, असं आमच्या पलूसमध्ये मानतात. अख्खी गल्ली माझ्या दारात पाठ करून उभी राहिलेली आहे. आणि आता माझीच कंबर धरली! शेजारची शांता म्हणाली, “आवं काकी, तुमाला लाथ घालायला दुसरा पायाळू कुठनं आनायचा?” हसले, तर कळ आली.

खरा घोर वेगळाच होता. लेक माधुरी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ मीच घालणार, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. आता पाटावर पाय पसरून बसायचं म्हटलं तरी जीव जायचा. तिच्या सासूबाईंनी फोन केला, “तुमची कंबर अशी, तर आमच्याकडंच राहू दे तिला.” त्या दिवशी मी जेवले नाही.

महिनाभर गोळ्या झाल्यावर डॉक्टरांनीच ऑस्टिओपॅथीच्या मॅडमकडे पाठवलं. दुखतं तेवढंच न बघता अख्खं शरीर एक धरून, हातांनी सांधे आणि स्नायू मोकळे करायचे, ही ती पद्धत.

तिथे बाकावर एक पैलवान भेटला. “काकी, वळखलं का? माझी उसण तुमीच काढलीसा!”

“मग हितं कशाला आलायस रं?”

मॅडमनी आधी घोटे चाचपले, मग बरगड्या, मग श्वास. मी वैतागले. “मॅडम, दुखतंय हितं आन् तुमी बघताय तिकडं!”

“त्या पैलवानानं सांगितलंय मला. लाथ कशी घालता, हळूच दाखवा बरं.”

उजवा पाय जरासा उचलला आणि डावा घोटा लटपटला. विहिरीच्या पायरीवर कधीकाळी मुरगळलेला. हळद लावून दुसऱ्या दिवशी रानात गेले होते.

“घोटा नीट भार घेत नाही, तो ताण कंबर सोसतेय,” मॅडम म्हणाल्या.

सहा वेळा गेले. घरी रोज एका पायावर उभी राहायचे, ‘हे’ समोर बसून सेकंद मोजायचे आणि मुद्दाम चुकायचे. हळूहळू कंबर सैल झाली. तुमची कंबर धरली, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग शिकलेल्या हातांकडे जा. मीही आता लाथ घालत नाही. नुसता अंगठा टेकवते आणि दवाखान्यात पिटाळते.

माधुरी माझ्याकडेच आली. बाळ पोटात पायाकडून होतं, म्हणून सिझर झालं. नात झाली. नाळ पडल्यावर मी पाटावर बसले, पाय पसरले, तिला पायांवर घेतलं आणि पहिला तांब्या ओतताना ढसाढसा रडले.

सिझरची पोर पायाळू धरायची का, यावर शांता अजून भांडते. मी भांडत नाही. त्या दिवशी नातीला पुसून, गुंडाळून झाल्यावर मी पालथी झोपले आणि माधुरीला म्हणाले, “लाव गं तिचा पाय.”