तीन मदतनीस आणि ओल्या धानाचा सवाल

आमचं ऑफिस म्हणजे गोंदियात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. टेबलं दोन, माणसंही दोनच. मी पुण्यात आठ वर्षं नोकरी करून परत आलेली. माझा भागीदार गोंदिया शहरातच वाढलेला, घरी हिंदी बोलणारा, मला दीदी म्हणणारा. आम्ही राइस मिलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एक दिवस त्याने जाहीर केलं की आता कोड लिहायला एआय मदतनीस घ्यायचाच. सगळं जग वापरून राहिलं, आपणच तेवढे हाताने टाइप करतोय.

घ्यायचा, पण कोणता? तीन कंपन्यांचे तीन मदतनीस पंधरा दिवस फुकट वापरता येत होते. हातात एका मिलचं काम होतं. दिवाळीनंतर धान घेऊन ट्रॅक्टर येऊ लागले की मिलच्या फाटकाबाहेर रांग लागते, आणि रांग लागली की भांडण लागतं. मालकाला शेतकऱ्याच्या फोनवर नंबर दाखवणारी सोय हवी होती. तेच काम तिघांना देऊन बघायचं ठरलं.

पहिल्याने खालून चहा वर येईपर्यंत काम पुरं केलं. भागीदार तर प्रेमातच पडला. मला मात्र जरा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. मी त्यातला एक अगदी बरोबर असलेला भाग दाखवून म्हटलं, हे चुकलंय. त्याने माझी माफी मागितली, माझ्या नजरेचं कौतुक केलं आणि बरोबर होतं ते बिघडवून दिलं. मी म्हटलं, नाही, आधीचंच बरोबर होतं. त्याने पुन्हा माफी मागितली, पुन्हा कौतुक केलं.

"दीदी, ये तो नया दामाद है," भागीदार पडेल चेहऱ्याने म्हणाला. "सासरे जे म्हणतील त्याला जी हाँ."

दुसरा भारी शिकलेला. त्याने लॉगिन बांधलं, परवानग्यांचे पाच प्रकार केले, महिन्याचे रंगीत तक्ते काढले. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाने आधी पासवर्ड तयार करायचा, त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर आणि एक चिन्ह. माझे बाबा चिचगडकडे धान लावतात. ते फाटकावर उभे राहून हे करताहेत असं डोळ्यांसमोर आलं, आणि मी लॅपटॉप मिटला.

तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही. उलट आम्हालाच विचारलं, "ज्याचं धान ओलं निघालं आणि वाळवायला परत पाठवलं, त्याचा नंबर राहतो की जातो?"

"काम इसको हमने दिया है या इसने हमको?" भागीदार वैतागला.

उत्तर मलाही माहीत नव्हतं. धानवाल्याची मुलगी, वर मिलांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी, आणि एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही! स्कूटर काढून मी थेट मिलवर गेले. मालकाने फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे वजनकाट्यापाशी एक काकू होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. दाणा दाताखाली धरून ओल सांगायच्या आणि ओरडून नंबर पुकारायच्या.

"काकू, धान ओलं म्हणून परत पाठवलं, तर त्याचा नंबर जातो का?"

"कायले जाईन? त्याचा धान वला आहे, तो थोडीच वला आहे?" काकू म्हणाल्या. "पुढचा जाते. याचा वाळला का तवा जो काट्यावर असन, त्याच्या मांगून हा."

"आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आला तर?"

"तं मंग त्या दिवशी पयला नंबर त्याचा."

"हे कुठे लिहून ठेवलंय का?"

"लिवाले कायले पायजे? मी आहो ना!"

मी सगळं उतरवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, हा सवाल तुले सुचला कसा? मशीनने विचारला म्हटल्यावर त्यांनी हातातला दाणा खाली टाकला. दोन दिवसांनी त्या आमचा जिना चढून वर आल्या, ते मशीन बघायला. मी माइक चालू केला.

"काऊन रे, तुले धानाचं का समजते?"

तिसऱ्याने अदबीने उत्तर दिलं, की धानाबद्दल वाचून थोडीफार माहिती आहे, पण फाटकावरची पद्धत तुम्हालाच जास्त ठाऊक.

"बोलते तं पुन्यावानी," काकू मला म्हणाल्या, "पन फेकत नाही."

भागीदाराने हात टेकले. तिसरा ठरला.

तोही काही संत निघाला नाही. हंगामाच्या पहिल्याच दिवशी शेतकऱ्यांच्या फोनवर त्याने लिहिलेला संदेश गेला: "कृपया काट्याकडे प्रस्थान करावे." आम्हा दोघांनाही तो वाचताना काही खटकलं नव्हतं. दरेकसाकडच्या एका शेतकऱ्याने फोन करून विचारलं, बाई, हे कोन्त्या रेलगाडीचं आहे, मी तं ट्रॅक्टर घेऊन आलो. भागीदार टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मी तोंड लपवून काकूंना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं टाकलं: "नंबर लागला, काट्यावर या." त्यानंतर कोणाचाही फोन आला नाही.

आता नव्या मिलवर गेलो की भागीदार लॅपटॉप काढायच्या आधी फाटकावरचं माणूस शोधतो. मागच्या महिन्यात आमगावजवळच्या एका मिलमध्ये तिथल्या हमालाने त्याला तासभर कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीवर बसवून शिकवलं. मी मालकाच्या खोलीत वाट बघत दोन चहा प्यायले. परत येताना स्कूटर तो चालवत होता.

"दीदी," वाऱ्यात ओरडून त्याने विचारलं, "कोंडा और भूसा एक ही चीज़ होती है ना?"

एकाचं तेल निघतं, दुसरा भट्टीत जळतो. मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.