आक्काचा नमुना

आक्का रुग्णांना कधी भेटायची नाही, पण त्यांच्या पेशींना रोज सकाळी विचारायची, "जेवलात की रे?" चेन्नईत वेलचेरीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या कमरेच्या हाडातून काढलेली अस्थिमज्जा येई. तिच्यातल्या पेशी आम्ही बाटल्यांत काही आठवडे वाढवायचो. मग डॉक्टर त्या त्याच रुग्णाच्या मरत चाललेल्या हाडात सोडत आणि तिथं नवं हाड धरे. पेशींच्या खाण्याचं गुलाबी पाणी पिवळं पडलं, की आक्का स्वतःचा डबा अर्धा टाकून उठायची. "भुकेली आहेत गे ती."

ती तंजावरी मराठी. तिचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायचे, चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यातून निवृत्त होऊन तिथंच राहिलेले, मूलबाळ नाही. मी साताऱ्याहून आलेली, तिची मराठी ऐकून आधी हसू यायचं. पुढे तीच कानाला घरची वाटू लागली.

एका पावसाळ्यात वेलचेरीत पाणी भरलं. आम्हाला सुट्टी दिली होती, तरी आक्का स्टेशनापासून कमरेइतक्या पाण्यातून चालत आली. मी रागावले. "अहो आक्का, दोन बाटल्यांसाठी?"

"बाटल्या कुठल्या गे? एक बस ड्रायव्हर आहे, एक शाळेतली टीचर."

मग ती लंगडू लागली. वय झालं, असं आम्ही म्हणालो, तीही म्हणाली. तपासणीत खुब्याचं हाड मरू लागल्याचं निघालं. आक्का जवळजवळ खूश झाली. "आता माझीच पोरं मला उभी करतील." तिचा नमुना मी सांभाळायचा ठरलं.

पाचव्या दिवशी बाटलीच्या तळाला मोजक्याच पेशी चिकटलेल्या दिसल्या. आठव्या दिवशी त्याही आक्रसल्या. घरून आक्काचा फोन यायचा, "पोरं कशी आहेत?"

"छान पसरताहेत," मी सांगायचे. उद्या पसरतील, असं स्वतःलाही सांगायचे.

बाराव्या दिवशी ती वॉकर टेकत आली आणि सरळ सूक्ष्मदर्शकाशी बसली. बराच वेळ तिनं मान वर केली नाही.

"कधीपासून अशी?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"दुसऱ्या कुणाची असती तर सांगितलं असतंस की नाही?"

तिनं माझा हात धरला. "पोरांचा दोष नाही गे. मज्जेतच काही बिघडलंय. डॉक्टरांना फोन लाव."

कर्करोग निघाला, मज्जेतलाच. आठवडाभर आधी कळून फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारलं. आक्कानं मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. ओरडली असती, तर बरं झालं असतं.

पाच महिन्यांनी ती गेल्याचा निरोप आला. त्या वेळी मी एका बाईंच्या पेशी कुपीत भरत होते. दुपारी त्यांची शस्त्रक्रिया होती, आणि ते काम सोपवावं असं त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. मी कुपी भरली, तपासली, इस्पितळाच्या माणसाच्या हाती दिली आणि मग धावत स्टेशन गाठलं. आवडीला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसं अंघोळी करून पांगली होती.

यजमान पायरीवर बसले होते. मी उशिराचं कारण सांगितलं, माफी मागितली.

"काम टाकून आली असतीस, तर तिनं तुला परत पाठवलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्या बाई चालतील का गे?"

"चालतील, मामा."

त्यांनी मान हलवली, आणि मग भिंतीला डोकं टेकून ते असे रडू लागले की मी तशीच खाली बसले आणि त्यांना धरून ठेवलं.