चौथ्या पानानंतरचे मामा

माणूस जे खातो तसा होतो, असं म्हणतात. आमचे मामा जे वाचायचे तसे व्हायचे, आणि त्यासाठी त्यांना अख्खं पुस्तक लागायचं नाही. चौथ्या पानाला बदल सुरू व्हायचा आणि पंधराव्या पानापर्यंत मूळचे मामा घरात शिल्लक राहायचे नाहीत. इतका आज्ञाधारक वाचक जगात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. लेखकांना हे कळलं असतं, तर त्यांनी जरा जपून लिहिलं असतं.

माझे आईवडील डोंगरात वरच्या वाडीवर जनावरं सांभाळायचे. तिथे शाळा नव्हती, म्हणून मी हिर्डोशीला मामा-मामींकडे राहून शिकले. मामा सातवी पास. भाताची खाचरं, थोडी नाचणी, दोन म्हशी आणि भोरच्या वाचनालयाची वर्गणी, एवढी त्यांची मालमत्ता. पुस्तक एसटीने यायचं. वाचनालयातल्या बाई ते कापडी पिशवीत घालून कंडक्टरकडे द्यायच्या, तो पिशवी ड्रायव्हरमागच्या खुंटीला अडकवायचा आणि आमच्या फाट्यावर मामांच्या हातात ठेवायचा. कुठलं पुस्तक पाठवा, हे मामांनी कधी सांगितलं नाही. "यील ते आपलं," म्हणायचे. जे यायचं ते आम्हा सगळ्यांनाच भोगावं लागायचं.

दक्षिण ध्रुवाच्या सफरीचं पुस्तक आलं तेव्हा ऐन मे महिना होता. भाताच्या रोपांची जागा भाजायला, म्हणजे राबासाठी, पालापाचोळा गोळा करायला निघालो, तर मामा घोंगडी पांघरून तयार. बर्फात माणसं हरवतात म्हणून त्यांनी स्वतःला, मामींना आणि मला एकाच कासऱ्यात बांधलं. थोडं चाललं की कासऱ्याला हिसका देऊन मागचे जिवंत आहेत का ते बघायचे. मामी म्हणाल्या, "आवं, हितं कुत्रं बी हरवत न्हाई." पण चालल्या त्याही दोरीतच. पुढे हेरकथा आली, आणि त्याच आठवड्यात घरातला विळा हरवला. मामांनी अंगणातल्या पावलांची मापं सुतळीने घेतली, म्हशींचीही घेतली. काल तिन्हीसांजेला आपण कुठे होता, असं शेजाऱ्यांना शुद्ध भाषेत विचारलं. शेवटी सगळे पुरावे मांडून त्यांनी गुन्हेगार जाहीर केला. ते स्वतःच होते. विळा त्यांनीच आंब्याच्या बेचक्यात खोचून ठेवला होता. पण तपास लागल्याचा आनंद एवढा, की सगळ्या आळीला गुळाचा चहा मिळाला. निसर्गोपचाराच्या पुस्तकाच्या वेळी म्हशीच्या पोटाला ओल्या मातीचा लेप बसला. म्हैस नुकतीच चिखलातून उठून आली होती. तिला काही फरक कळला नाही.

मामींना अक्षर येत नसे, पण मुखपृष्ठावरचं चित्र बघून त्या संसार चालवायच्या. घोडा असेल तर मामा राजासारखे उदार होणार, म्हणून नवं लुगडं मागायचं. दाढीवाला साधू असेल तर गप्प बसायचं.

मी बारावी झाले तेव्हा मुखपृष्ठावर दाढीवाला होता.

आमच्या दोन्ही घरांत इथवर कुणी पोचलं नव्हतं. मला भोरच्या कॉलेजात बी.ए. करायचं होतं, त्यासाठी वसतिगृहात राहायला लागणार होतं. वडील म्हणाले, मामा म्हणतील तसं. मामी खुणेने नको नको म्हणत होत्या, पण प्रवेश संपत आलेले, म्हणून मी विचारलंच. मामा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. "पोरी," ते म्हणाले, "शिकून बी माती, न शिकून बी माती." मग उठले आणि भर आषाढात आपली छत्री रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला देऊन चिंब भिजत परत आले.

मामींनी मला पडवीत ओढलं. "आता त्येंच्याशी बोलू नगस," त्या म्हणाल्या. "पुस्तकाशी बोल."

मी वाचनालयातल्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांना मामा चांगले माहीत होते. गरीब घरातून शिकून डॉक्टर झालेल्या एका बाईंचं चरित्र उद्याच पाठवते, म्हणाल्या. "आणि काळजी करू नकोस, चौथ्या पानाच्या आत ती शाळेत जाते."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीला कंडक्टर नवा होता आणि खुंटीला पिशव्या दोन होत्या. मामा फाट्यावरून वाचतवाचतच घरी आले. मामी दारातून मुखपृष्ठ बघून आत आल्या. "बाई न्हाई गं," त्या म्हणाल्या. "कोंबडी हाय."

पुढच्या वाडीत एकाने कोंबड्या पाळायला काढल्या होत्या, त्याने मागवलेलं कुक्कुटपालनाचं पुस्तक आमच्याकडे आलं होतं. माझी डॉक्टरीण त्याच्याकडे गेली होती. प्रवेश संपायला एकच दिवस उरला होता. मी चुलीपाशी बसून रडले, आणि धुराचं निमित्त सांगायचंही मला सुचलं नाही.

संध्याकाळी मामा चुलीपाशी आले. माझ्या कपाळाला हात लावला. खालची पापणी ओढून डोळा बघितला. "खाती का नीट?" त्यांनी मामींना विचारलं. "कवापासनं अशी कोपरा धरून बसलीया?"

मामी म्हणाल्या, "तुमी न्हाई म्हनल्यापासनं."

मामांनी पुस्तकात बोट घातलेलं पान उघडून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पिसं फुटल्यावर पिल्लाला उबेखाली ठिवायचं नसतं. मायेनं ठिवलं तर मऊ पडतंय, मग वाऱ्यात टिकत न्हाई." आणि वळताना म्हणाले, "उद्या पयल्या एसटीनं भोर."

वसतिगृहाच्या रेक्टर बाईंसमोर मामा पुस्तक काखेत घेऊनच बसले. एका खोलीत किती? वारं कुठून शिरतं? जमिनीला ओल येते का? पाण्याची भांडी रोज घासता का? बाई सगळ्याची उत्तरं देत गेल्या. मग मामांनी आवाज खाली आणला. "जुन्या नव्यांना टोचत न्हाईत ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "टोचतात थोड्या," त्या म्हणाल्या. "मी लक्ष ठेवीन."

निघताना मामा दारातून परत फिरले. "पयले काई दिस रातचा दिवा चालू ठिवा. नवं पाखरू अंधारात बुजतंय."

तो आठवडाभर आमच्या खोलीबाहेरचा दिवा रात्री जळत राहिला. मुली विचारायच्या, हा बंद का करत नाहीत? पुढच्या वाडीतल्या त्या माणसानेही आलेलं पुस्तक वाचलं म्हणे, आणि दहावीवर थांबलेल्या सुनेला अकरावीला घातलं. त्याच्या कोंबड्यांचं काय झालं ते कळलं नाही.

आता मी भोरलाच एका शाळेत शिकवते. मामांच्या डोळ्यांना अक्षर दिसेनासं झालंय, म्हणून रविवारी जाऊन मी त्यांना वाचून दाखवते. मागच्या खेपेला ते म्हणाले, "आता बघून आण गं. ह्या वयात जे ऐकीन तसाच ऱ्हाईन मी." म्हणून वाचनालयाच्या कपाटापुढे मी खूप वेळ उभी राहिले. घोडेवाली पुस्तकं काढून परत ठेवली. दाढीवाल्याला हातच लावला नाही. मला कसे मामा हवे होते, ते मला पक्कं माहीत होतं. फक्त ते पुस्तक कपाटाच्या अगदी तळाला होतं.

काल ओट्यावर बसून वाचायला सुरुवात केली. मामा डोळे मिटून ऐकत होते. चौथं पान उलटलं, तसा त्यांनी हात पुढे केला, चाचपत माझ्या कपाळापर्यंत आणला आणि तिथेच ठेवला.

"खाती का नीट?" त्यांनी विचारलं.