साइडकारसाठी आजोबांचं वजन

भिया लोग, आज मस्ती नाही, सीरियस मामला आहे.

आमचे आजोबा लहानपणी, मध्य भारत राज्याच्या जमान्यात, त्यांच्या वडिलांच्या मोटारसायकलला लावलेल्या साइडकारमध्ये बसून इंदूर फिरायचे. आता त्यांचे पाय चालत नाहीत. परवा म्हणाले, "एकदा परत तसं बसव ना रे."

म्हणून साइडकार लावून घ्यायला सकाळी पोलोग्राउंडला मेकॅनिककडे गेलो. माझी दीडशे सीसीची बाइक बघून उस्ताद म्हणाले, "पहले बैठनेवाले का वजन बता, भिया. पचास के अंदर है तो ये धीरे-धीरे खींच लेगी. ज्यादा है तो पुरानी साढ़े तीन सौ ही लगेगी."

मला हसू आलं. आमचे आजोबा म्हणजे पंचाहत्तर किलोचा माल!

घरी येऊन त्यांना धरून वजनकाट्यावर उभं केलं. एकेचाळीस.

माझी एक जुनी बदमाशी आहे. कोणी काट्यावर चढलं की मागून हळूच पाय ठेवायचा. आजोबा दर वेळी ओरडायचे, "पाय काढ, गाढवा!"

आज ते आकड्याकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आज ठेव ना रे पाय."

मी ठेवला. काटा साठवर गेला.

"बघ, मोठीच गाडी लागेल," असं म्हणून ते हसले. मला काही हसता आलं नाही.

उस्तादला फोन करून मी साठच सांगितलं.

कोणाकडे जुनी साडेतीनशे चालू हालतमध्ये असेल तर सांगा ना यार. जरा लवकर सांगा.