आभार मानणारे नऊ जण

दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सुलेमाला लहानपणापासून खोड. पायसांदू गावच्या कॉलेजात तिने त्याच खोडीचा प्रबंध केला: लेखक गोष्टीतून स्वतःला कसा उघडा पाडतो. सावज म्हणून गाठले गावातलेच म्हातारे कादंबरीकार आन्सेल्मो.

“माझ्या पुस्तकांत मी केसाएवढासुद्धा सापडणार नाही, पोरी,” म्हणत त्यांनी येर्बा या कडू चहापत्तीचा तुंबा गरम पाण्याने भरून तिच्या हातात दिला. तिने नळीने ओढून तो रिकामा केला, त्यांनी पुन्हा भरला. तुंबा परत देताना पाहुणा ‘आभारी आहे’ म्हणाला, तरच भरणं थांबवायचं, ही तिथली रीत.

सुलेमाने वही उघडली. “आजोबा, तुमच्या सहा कादंबऱ्यांत नऊ जण तुंबा परत देताना आभार मानतात. नऊच्या नऊ पुढच्या चार पानांत मरतात. एक तर विहिरीत पडून.”

“योगायोग!” म्हातारा गडबडला.

“योगायोग कसला डोंबलाचा!” त्यांची बायको ओफेलिया स्वयंपाकघरातून ओरडली. “कुणी निघालं की यांचं तोंड एवढंसं होतं. माझा भाऊ तिसऱ्याच तुंब्याला आभार मानून उठला, तर त्याला कादंबरीत घालून विहिरीत ढकललं यांनी!”

चोरी पकडली म्हणून सुलेमा खूश. पण तोवर पोटात चौदा तुंबे डुचमळत होते आणि लघवी तर आवरेना. पंधरावा कसाबसा संपवून ती पुटपुटली, “आभारी आहे, आजोबा.”

म्हाताऱ्याने शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

“पोरी, तुझं आडनाव काय म्हणालीस?”